एकच कार्ड, दोन बाजार: होनस वॅग्नरच्या कार्डाच्या किमतीचा इतिहास

१/
मार्च १९९१, न्यूयॉर्क. सदबीज या लिलावगृहात पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर बोली चढत होती. तुकडा साडेसहा सेंटिमीटरांहून थोडा उंच, रुंदीला चारांहूनही कमी. त्यावर नारिंगी पार्श्वभूमीवर एका बेसबॉल खेळाडूचे चित्र. अखेर हातोडा पडला तो ४ लाख १० हजार डॉलरवर. चारच वर्षांपूर्वी हाच तुकडा बंद दाराआड १ लाख १० हजारांना विकला गेला होता.

२/
हे कार्ड १९८५ ते २००७ या काळात आठ वेळा विकले गेले. पाच वेळा खासगी सौद्याने, तीन वेळा लिलावात. वस्तू एकच असल्यामुळे विक्रीच्या या दोन रीतींतील फरक तिच्याइतका स्पष्टपणे क्वचितच कुठे दिसतो. मात्र या आठ आकड्यांमागे एक कात्रीही आहे. तिच्याविषयी पुढे.

३/
प्रथम खेळाडू. होनस वॅग्नर हा पेनसिल्व्हेनियातील जर्मन स्थलांतरितांचा मुलगा, पिट्सबर्ग पायरेट्स संघाचा शॉर्टस्टॉप. नॅशनल लीगमधील फलंदाजीचे अग्रस्थान त्याने आठ वेळा पटकावले. १९३६ साली बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी जे पहिले पाच खेळाडू निवडले गेले, त्यांत बेब रूथ आणि टाय कॉब यांच्याबरोबर वॅग्नरही होता.

४/
१९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या पाकिटांत बेसबॉलपटूंची कार्डे घातली. पुठ्ठ्यामुळे पाकीट ताठ राहत असे आणि पोरे बापाच्या मागे लागत ती वेगळीच. पुढे ही पाचशेहून अधिक कार्डांची मालिका ‘टी-२०६’ या नावाने ओळखली जाऊ लागली. वॅग्नरचे कार्ड छापले गेले, पण त्याची छपाई लवकरच थांबली, कारण वॅग्नरने संमती नाकारली.

५/
नकाराचे कारण काय, यावर शंभर वर्षे वाद चालू आहे. मुलांनी तंबाखूच्या नादी लागू नये म्हणून, असे एक मत. मोबदला हवा होता, असे दुसरे. वॅग्नर स्वतः तंबाखू चघळत असे, हे पहिल्या मताच्या विरोधात जाते. दुसऱ्याच्या विरोधात १९१२ साली ‘द स्पोर्टिंग न्यूज’मध्ये आलेली हकिकत जाते. वॅग्नरची परवानगी मिळवून दिल्यास जॉन ग्रूबर या पिट्सबर्गच्या क्रीडालेखकाला १० डॉलर मिळणार होते. वॅग्नरने परवानगी दिली नाही, पण ग्रूबरचे नुकसान नको म्हणून १० डॉलरचा धनादेश स्वतः पाठवला. पैशासाठी अडून बसलेला माणूस सहसा असे करीत नाही.

६/
परिणाम एवढाच की आज जगात या कार्डाच्या पन्नास-साठच प्रती ज्ञात आहेत.

७/
तिला पहिली छापील किंमत दिली ती जेफरसन बर्डिक याने. सिरॅक्यूज येथे विजेच्या साहित्याच्या कारखान्यात काम करणारा, संधिवाताने जर्जर झालेला हा गृहस्थ अमेरिकेतील छापील कार्डांची सूची तयार करीत होता. ‘टी-२०६’ हे नावही त्याच्याच सूचीतले. १९३० च्या दशकात त्याने वॅग्नरच्या कार्डापुढे ५० डॉलर असा आकडा लिहिला. त्या काळी बहुतेक कार्डे काही सेंटना मिळत. त्याने आपला तीन लाखांहून अधिक कागदांचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला देऊन टाकला. तो स्वतः तेथे बसून कार्डे वह्यांत चिकटवीत असे. जानेवारी १९६३ मध्ये ते काम संपले, मार्चमध्ये तो वारला.

८/
बर्डिकचा ५० हा आकडा सौद्याचा नव्हता आणि लिलावाचाही नव्हता. तो जाणकाराचा अंदाज होता. पुढची काही दशके ही कार्डे पत्रव्यवहाराने, मेळाव्यांत आणि दुकानांच्या मागच्या खोलीत हातोहात फिरली. भाव ठरे तो दोन माणसांच्या घासाघिशीत, आणि तो तिसऱ्याला कळत नसे.

९/
वाशीच्या बाजारात हापूसच्या पेट्यांचा भाव रुमालाखाली बोटांच्या खुणांनी ठरविण्याची जी रीत होती, तिच्याशी या सौद्यांचे नाते आहे. दोघांचे हात रुमालाखाली, आजूबाजूला गर्दी, आणि भाव दोघांनाच ठाऊक. उलट ‘लिलाव’ हा मराठीतला शब्द पोर्तुगीज भाषेतून आला आहे. १५८० च्या दशकात गोव्यात राहिलेल्या लिन्स्होटेन या डच प्रवाशाने तेथील मुख्य रस्त्यावर रोज सकाळी भरणाऱ्या लिलावाचे वर्णन करून ठेवले आहे. तेथे बोली चारचौघांत, मोठ्याने. एका रीतीत भाव झाकायचा, दुसरीत ओरडून सांगायचा.

१०/
१९८५ साली लाँग आयलंडवरील हिक्सव्हिल येथील एका कार्डांच्या दुकानात बिल मास्ट्रो या तरुण व्यापाऱ्याने वॅग्नरचे एक कार्ड २५ हजार डॉलरना घेतले. सोबत रॉब लिफसन हा दुसरा व्यापारी होता. विकणाऱ्याजवळ तुलनेसाठी ताजा जाहीर आकडा नव्हता, आणि समोर बसलेल्यांचा तर हाच धंदा होता. खासगी सौद्यातील पहिली विषमता हीच: एका बाजूला रोज भाव करणारा माणूस, दुसऱ्या बाजूला आयुष्यात एकदाच विकणारा.

११/
दोन वर्षांनी, १९८७ मध्ये, मास्ट्रोने तेच कार्ड जिम कोपलँड या कॅलिफोर्नियातील क्रीडासाहित्याच्या व्यापाऱ्याला १ लाख १० हजारांना विकले. सव्वाचार पटींहून जास्त! कार्डांचा बाजार त्या वर्षांत तापत होता हे खरे, पण कार्डही विलक्षण दिसत होते. बहुतेक वॅग्नर सुरकुतलेले, कोपरे झिजलेले. याच्या कडा मात्र कालच छापल्यासारख्या धारदार.

१२/
१९९१ साली कोपलँडने आपला संग्रह सदबीजकडे दिला. हातोडा ४ लाख १० हजारांवर पडला. त्यावर १० टक्के बायर्स प्रीमियम, म्हणजे खरेदीदाराने लिलावगृहाला भरायची जादा रक्कम. एकूण ४ लाख ५१ हजार डॉलर. खरेदीदार होते आइस हॉकीतील सर्वश्रेष्ठ खेळाडू वेन ग्रेट्झकी आणि त्याच्या संघाचे मालक ब्रूस मॅक्नॉल.

१३/
येथे थोडे थांबायला हवे, कारण याच जागी बहुतेक जण फसतात. वृत्तपत्रांत मथळा झाला ४ लाख ५१ हजारांचा. पण विकणाऱ्याच्या वाट्याला ही रक्कम कधीच येत नाही. प्रीमियम लिलावगृहाचा. उरलेल्या ४ लाख १० हजारांतूनही विक्रेत्याची दलाली ठरली असेल तर ती वजा. लिलावाचा आकडा खरेदीदाराच्या खिशातून किती गेले ते सांगतो, विक्रेत्याच्या हाती किती आले ते नव्हे. खासगी सौद्याच्या आकड्याशी तो सरळ एका तराजूत घालणे चुकीचे आहे. पुढे प्रीमियम वाढत गेला, त्यामुळे ही चूक अधिकच महाग पडते.

१४/
दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. लिलावातील भाव सर्वांत हौशी गिऱ्हाईक ठरवते, असा समज आहे. तसे नाही. तो दुसऱ्या क्रमांकाचे गिऱ्हाईक ठरवते. समजा, एकाची तयारी दहा लाखांची आहे आणि दुसऱ्याची चार लाखांची. बोली चार लाखांच्या थोडी वर जाऊन थांबेल. पहिल्याच्या मनातले दहा लाख कोणालाच कळणार नाहीत. विल्यम विकरी या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ च्या आपल्या प्रसिद्ध लेखात या तर्काची मांडणी केली. १९९६ साली त्यांना नोबेल मिळाले.

१५/
म्हणून लिलावासाठी दोन वेडे लागतात, खासगी सौद्याला एक पुरतो. तो एकच वेडा तुमच्या दारी आला असेल, तर चारचौघांत बोली लावण्याची गरजच काय? पण तो कोण, हे ठाऊक नसेल तर? मग दवंडी पिटण्यावाचून मार्ग नाही. जेरेमी ब्यूलो आणि पॉल क्लेम्पेरर यांनी १९९६ साली काही गृहीतके धरून असे दाखवले की, विक्रेता कितीही कसलेला घासाघिशीवाला असो, लिलावात एक जादा बोलीदार आणणे त्याला अधिक लाभाचे ठरते.

१६/
मॅक्नॉल यांचे दिवस लवकरच फिरले. बँकांच्या फसवणुकीच्या प्रकरणात त्यांना तुरुंगात जावे लागले. कार्ड ग्रेट्झकीकडे राहिले आणि १९९५ साली खासगी सौद्याने ५ लाखांना वॉलमार्ट व ट्रीट एंटरटेनमेंट या कंपन्यांकडे गेले. चार वर्षांत वाढ जेमतेम ११ टक्के.

१७/
हा ५ लाखांचा आकडा बोलका आहे. १९८७ मध्ये सौदा करणाऱ्यांपुढे जाहीर भाव नव्हता, १९९५ मध्ये होता. ४ लाख ५१ हजार ही रक्कम सगळ्या जगाने वाचली होती. खासगी बोलणी तेथूनच सुरू झाली आणि तेथून फार दूर गेली नाहीत. रुमालाखालच्या बोटांनाही बाहेरची आरोळी ऐकू येतच असते.

१८/
कंपन्यांनी ते कार्ड जाहिरातीसाठी बक्षीस म्हणून ठेवले. १९९६ च्या फेब्रुवारीत सोडतीत ते फ्लोरिडातील एका टपाल कर्मचारी महिलेला लागले. लाखो डॉलरचे बक्षीस म्हटले की त्यावर प्राप्तिकरही आला, आणि तो भरण्याची तिची ऐपत नव्हती. तिने कार्ड ख्रिस्तीजकडे दिले. त्याच वर्षी ते ६ लाख ४१ हजार ५०० डॉलरना गेले.

१९/
जिला वस्तूची पारख नाही, ओळखीपाळखी नाहीत आणि घाई आहे, अशा विक्रेतीला लिलाव किती उपयोगी पडतो ते येथे दिसते. ही महिला हिक्सव्हिलसारख्या एखाद्या दुकानाच्या मागच्या खोलीत गेली असती तर तिच्या हाती काय आले असते, याची कल्पना करणे अवघड नाही.

२०/
२००० साली कार्ड पुन्हा लिलावात आले. या वेळी ईबेवर, रॉबर्ट एडवर्ड ऑक्शन्समार्फत. ही पेढी १९८५ च्या सौद्यात मास्ट्रोसोबत असलेल्या लिफसनची. बोली ११ लाखांवर थांबली, १५ टक्के प्रीमियम धरून १२ लाख ६५ हजार. दहा लाख डॉलरची सीमा ओलांडणारे हे पहिले बेसबॉल कार्ड. चार वर्षांत जवळजवळ दुप्पट.

२१/
ईबेमुळे दिवाणखान्यात बसलेला माणूसही बोलीदार झाला. पण त्याने कार्ड हातात घेऊन पाहिलेले नसते. मग विश्वास कशावर? येथे प्रमाणीकरण संस्था येतात. पीएसए ही संस्था १९९१ मध्ये सुरू झाली. कार्ड तपासायचे, दहापैकी दर्जा द्यायचा आणि प्लास्टिकच्या पेटीत सीलबंद करायचे, हे तिचे काम. तिने दर्जा दिलेले पहिलेच कार्ड म्हणजे हे वॅग्नर. दर्जा ८. वॅग्नरच्या दुसऱ्या कोणत्याही प्रतीला इतका वरचा दर्जा लाभला नाही. कापलेल्या कार्डाला असा दर्जा देता येत नाही, हे त्या धंद्यातले साधे तत्त्व.

२२/
२००७ मध्ये कार्ड दोनदा विकले गेले, दोन्ही वेळा खासगी सौद्याने: फेब्रुवारीत २३ लाख ५० हजार, सप्टेंबरमध्ये २८ लाख. आता चित्र उलटले होते. मोठी उडी बंद दाराआड झाली. एवढ्या किमतीला खरेदीदार जगात मोजकेच असतात आणि दलालांना ते नावानिशी ठाऊक असतात. शिवाय लिलावात ठेवलेली वस्तू विकली गेली नाही, तर तिच्यावर कायमचा डाग बसतो. आणि गुप्तता. सप्टेंबरचा खरेदीदार म्हणजे ॲरिझोना डायमंडबॅक्स संघाचे मालक केन केंड्रिक, हे बाहेर यायला काही वर्षे जावी लागली.

२३/
आता कात्री.

२४/
हे कार्ड फार नेटके आहे, इतके नेटके कसे, ही कुजबुज जुनी होती. २००७ साली न्यूयॉर्क डेली न्यूजच्या दोन पत्रकारांनी या कार्डावर पुस्तक लिहून तिला वाचा फोडली. दरम्यान बिल मास्ट्रो मोठा झाला होता. शिकागोच्या उपनगरातील त्याचे लिलावगृह क्रीडास्मृतींच्या धंद्यात अग्रगण्य होते. ते २००९ मध्ये बंद पडले, एफबीआयची चौकशी सुरू झाली, जुलै २०१२ मध्ये आरोप ठेवले गेले. २०१३ मध्ये मास्ट्रोने गुन्हा कबूल केला. वॅग्नरच्या कार्डाच्या बाजूच्या कडा आपण कापल्या होत्या, हेही त्याने मान्य केले. ऑगस्ट २०१५ मध्ये त्याला २० महिन्यांची शिक्षा झाली.

२५/
म्हणजे १९८५ ते १९८७ मधील सव्वाचार पटींच्या उडीत बाजाराचा वाटा होता तसा पात्याचाही होता. त्यानंतरचा प्रत्येक आकडा, खासगी असो की जाहीर, त्या कापलेल्या कडांवर उभा होता. ४ लाख ५१ हजारांचा सदबीजचा भावही.

२६/
मात्र मास्ट्रोवरचा मुख्य आरोप कात्रीचा नव्हता. तो बनावट बोलींचा होता. आपल्याच लिलावात खोट्या बोली लावून भाव चढवायचा, खऱ्या गिऱ्हाइकाला वाटावे की समोर प्रतिस्पर्धी आहे. चौदाव्या भागातील तर्क येथे आठवावा. लिलावातील भाव दुसरा बोलीदार ठरवतो. तो दुसरा अस्तित्वातच नसेल, तर लिलाव म्हणजे रुमालाखालचा सौदाच, फक्त रुमालाखाली दोन्ही हात विक्रेत्याच्या बाजूचे आणि खरेदीदाराला वाटते की आपण उघड्यावर उभे आहोत. खासगी सौद्यात निदान समोरचा माणूस विकायलाच बसला आहे हे ठाऊक असते.

२७/
आणि नुकसान त्या एका खरेदीदारापाशी थांबत नाही. लिलावाचा आकडा छापला जातो, सूचीत जातो, पुढच्या खासगी बोलण्यांचा पाया होतो. १९९५ च्या सौद्याने १९९१ चा आकडा जसा पायरी म्हणून वापरला, तसेच हजारो लहान सौदे रोज कुठल्यातरी जाहीर आकड्यावर पाय देऊन होत असतात. पायरी बनावट असेल तर वरची सगळी चढण बनावट.

२८/
अलीकडचे दोन व्यवहार पाहावेत. ऑगस्ट २०२१: रॉबर्ट एडवर्ड ऑक्शन्सच्या लिलावात दुसरे एक वॅग्नर कार्ड, एसजीसी या संस्थेचा दर्जा ३, ६६ लाख ६ हजार डॉलर. ऑगस्ट २०२२: आणखी एक प्रत, त्याच संस्थेचा दर्जा २, गोल्डिनच्या मध्यस्थीने खासगी सौद्यात ७२ लाख ५० हजार. दर्जा खालचा, भाव वरचा, आणि तोही बंद दाराआड.

२९/
फरक मथळ्यांत साडेसहा लाखांच्या आसपास दिसतो. पण २०२१ च्या आकड्यात २० टक्के प्रीमियम आहे. हातोडा ५५ लाख ५ हजारांवर पडला होता. खासगी सौद्याच्या ७२ लाख ५० हजारांशी तुलना करायची तर या रकमेशी करावी. तसे पाहिल्यास दरी सतरा लाखांवर जाते, गोल्डिनची दलाली त्यातून वजा करायची. २०२२ च्या खरेदीदारापुढे वर्षभरापूर्वीचा जाहीर भाव होता, आणि विक्रेत्याला विकण्याची घाई करण्याचे कारण नव्हते.

३०/
याच ऑगस्ट २०२२ मध्ये नेमके उलटे उदाहरण घडले. मिकी मँटलचे १९५२ सालचे टॉप्स कंपनीचे कार्ड. या मालिकेतील न खपलेले गठ्ठे कंपनीने १९६० च्या सुमारास अटलांटिक समुद्रात बुडवले होते, असे कंपनीचे सी बर्गर सांगत. जानेवारी २०२१ मध्ये पीएसए दर्जा ९ ची एक प्रत खासगी सौद्यात ५२ लाखांना गेली होती. ऑगस्ट २०२२ मध्ये एसजीसी दर्जा साडेनऊची प्रत हेरिटेजच्या लिलावात १ कोटी २६ लाखांना गेली, त्यात बोली १ कोटी ५ लाखांची. न्यू जर्सीच्या मालकाने १९९१ साली ती खासगी सौद्याने ५० हजारांना घेतली होती.

३१/
दर्जात अर्ध्या अंकाचा फरक, किमतीत दुपटीहून अधिक. येथे जाहीर लिलावच का फळला? कारण साडेनऊ दर्जाची दुसरी प्रत बाजारात नव्हती, त्यामुळे बोलणी सुरू करायला पायरीच नव्हती. वॅग्नरच्या प्रती पाठोपाठ विकल्या जात होत्या, त्यांचा भाव जाणकारांना तोंडपाठ होता. तेथे दलालाने योग्य दार ठोठावले की पुरे. जिचा भाव कोणालाच ठाऊक नाही, तिला चौकात उभी करणे भाग असते. आणि त्या दिवशी चौकात खरेच दोन बोलीदार असावे लागतात.

३२/
केंड्रिक यांच्या कार्डाची २००७ नंतर जाहीर विक्री झालेली नाही. मेट्रोपॉलिटन संग्रहालयात बर्डिकने दिलेले वॅग्नरही आहे. ते कधी लिलावात गेले नाही आणि १९४७ नंतर सुरू झालेल्या त्या देणगीपासून त्यावर कोणी भावही केलेला नाही. त्याच्या कडा १९०९-११ च्या छापखान्यात जशा कापल्या गेल्या, त्यानंतर काळाने जेवढ्या झिजवल्या तेवढ्याच.